पाडव्याला झोपवा, दसऱ्याला उठवा: स्नोमोबिलच्या वर्षभराच्या देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मिनेसोटात येऊन सोळा वर्षं झाली आणि त्यातली बारा वर्षं आमच्या गॅरेजमध्ये स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, आहे. आता दोन आहेत, एक जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक आणि एक बायकोची फोर-स्ट्रोक. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर हमखास कोणीतरी विचारतो की अरे माझी चालूच होत नाहीये रे, मागच्या वर्षी तर मस्त चालत होती. आता मागच्या वर्षी चालत होती म्हणूनच तर चालत नाहीये, कारण मार्चपासून डिसेंबरपर्यंत कोणी तिच्याकडे बघितलंच नाही. तर जे प्रश्न मला सारखे येतात ते इथे एकत्र लिहिलेत. आकडे आणि मापं प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात, त्यामुळे मी काहीही म्हणालो आणि मॅन्युअल वेगळं म्हणालं तर मॅन्युअलचं ऐका.

मला मेकॅनिकलमधलं काही कळत नाही. हे मशिन नक्की असतं काय?

कायनेटिक होंडा आठवते? टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, रबरी बेल्टवर चालणारी. स्नोमोबिल म्हणजे तिचाच दांडगा भाऊ समजा. इंजिनाच्या शाफ्टवर एक क्लच, दुसरीकडे एक क्लच, मधे बेल्ट. वेग वाढला की क्लचच्या थाळ्या जवळ-लांब होतात आणि गिअर आपोआप बदलतो. दुसऱ्या क्लचपासून ताकद चेनकेसमध्ये जाते, तिथे तेलात बुडालेली चेन असते, ती खालचा शाफ्ट फिरवते आणि तो शाफ्ट रबरी ट्रॅक फिरवतो. पुढे दोन स्की, वळायला. झालं.

स्की-डू नावाची पहिली स्नोमोबिल १९५९ मध्ये कॅनडातल्या क्विबेकमध्ये बोम्बार्डिए यांनी बाजारात आणली. आमच्या मिनेसोटात रोझो गावात पोलारिस आणि थीफ रिव्हर फॉल्सला आर्क्टिक कॅट, दोन्ही स्नोमोबिलच्याच कंपन्या, त्यामुळे इथे याचं कौतुक जरा जास्तच. इथले लोक नुसतं स्लेड म्हणतात. मी पण पुढे कधी स्लेड म्हणेन, गोंधळू नका.

वर्षातले चार महिने चालते, मग वर्षभर देखभाल कशाला?

चालताना ती फारशी बिघडत नाही हो, उभी राहून बिघडते. पेट्रोल शिळं होतं, इंजिनात दमट हवा बसते, उंदीर येतात, बॅटरी मरते. म्हणून मी दोन तारखा धरल्यात. पाडव्याच्या आसपास झोपवायची आणि दसऱ्याला उठवायची. इथले बरेचसे ट्रेल (स्नोमोबिलसाठी आखलेले बर्फातले रस्ते) १ एप्रिलला बंद होतात आणि १ डिसेंबरला उघडतात, त्यामुळे पंचांग अगदी चपखल बसतं. पाडवा मार्चमध्येच आला आणि उत्तरेकडे बर्फ असेल तर थोडं पुढे ढकला, गुढी काही रागावणार नाही.

सीझन संपला, आता पहिलं काम काय?

धुवा. गंमत नाही, खरंच. तुम्ही स्लेड ट्रेलरवर घालून हायवेनी नेता आणि हायवेवर मीठ टाकलेलं असतं, ते मीठ अ‍ॅल्युमिनियमला, बोल्टला, सस्पेन्शनच्या सांध्यांना खातं. ट्रॅकच्या आत, टनेलखाली (ट्रॅकच्या वरचं धातूचं छत), रेडिएटरच्या पट्ट्यांवर पाणी मारा. प्रेशर वॉशर बेअरिंगवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून मारू नका, पाणी आत घुसतं आणि ग्रीस बाहेर येतं. पूर्ण वाळू द्या आणि मग सगळ्या निपलमध्ये थंडीत न गोठणारं ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. त्याने आतलं पाणी पण बाहेर ढकललं जातं. सस्पेन्शनखाली आडवं पडून निपल शोधायला लागतात, एखादा हमखास सापडत नाही, मला तर दर वर्षी एकच सापडत नाही आणि तो दर वर्षी तोच असतो.

पेट्रोल काढून टाकू की भरून ठेवू?

यावर दोन मित्र भांडू शकतात. माझं मत: टाकी जवळजवळ भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं औषध) घाला आणि इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा म्हणजे ते औषध कार्ब्युरेटरपर्यंत किंवा इंजेक्टरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून झाकण लावलं तर फक्त टाकीचं भलं होतं. अर्धी रिकामी टाकी ठेवली की हवेतला ओलावा आत जमतो.

खरा वैरी इथेनॉल. साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के असतं, ते पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच! मिनेसोटात पंपावर इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेन प्रीमियम मिळतं, ते जुन्या शौकाच्या गाड्या, बोटी, स्नोमोबिल असल्यांसाठीच विकायची परवानगी आहे, तशी पाटी लावलेली असते. महाग आहे पण सीझनची शेवटची टाकी तरी त्याचीच भरा.

कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. आतली जेट सुईच्या भोकाएवढी असतात, पेट्रोल वाळून त्यात डिंक झाला की नोव्हेंबरमध्ये रविवार गेला समजायचा.

फॉगिंग म्हणजे काय? करायलाच हवं का?

टू-स्ट्रोकला तर हवंच. टू-स्ट्रोकमध्ये बेअरिंगना तेल पेट्रोलबरोबर येतं, इंजिन बंद म्हणजे तेल बंद. सात-आठ महिन्यांत आतल्या स्टीलवर गंज धरतो. म्हणून फॉगिंग ऑइलचा स्प्रे येतो, इंजिन चालू ठेवून एअर इनटेकमधून मारायचा, भसाभसा पांढरा धूर निघतो, शेजारी बाहेर येऊन बघतात, इंजिन गुदमरून बंद पडतं, झालं. किंवा प्लग काढून भोकातून मारायचा आणि दोरी हळूच चार-पाच वेळा ओढायची, यावेळी प्लगच्या वायरी अर्थला लावलेल्या हव्यात आणि तोंड भोकासमोर नको. स्की-डूच्या ई-टेक इंजिनात ही सोय मशिनमध्येच असते, मॅन्युअलमधली बटणं दाबली की ती स्वतःच स्वतःला तेल पाजते.

आणि कृपा करून, एकदा फॉगिंग केलं की उन्हाळ्यात "जरा चालू करून बघतो" करू नका. आमच्या सासऱ्यांना ही सवय, पुण्याहून आले की जुलैमध्ये अंगणात स्लेड स्टार्ट करायची आणि दोन मिनिटांत बंद. स्कूटर अशी ठेवायची असते म्हणतात. पण दोन मिनिटांत तेल जळून जातं, इंजिन नीट तापत नाही आणि आत पाणी धरतं. आता जून लागला की मी किल्ली लपवतो.

उन्हाळ्यात ठेवायची कशी?

मागची बाजू स्टँडवर उचलून ठेवा, सस्पेन्शनवरचा भार जातो. ट्रॅकचा ताण थोडा सैल करा. ड्राइव्ह बेल्ट काढून आत घरात सपाट ठेवा आणि क्लचला हवा लागू द्या. बॅटरी काढून टेंडरवर (बॅटरी चार्ज ठेवणारा छोटा चार्जर) लावा. वर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, खाली घाम सुटतो, हवा जाईल असं कापडी कव्हर घाला. एवढंच.

उंदरांचं काय करायचं?

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दुसऱ्याच वर्षी मी दसऱ्याला हूड उघडलं तर एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा जाते तो डबा) व्यवस्थित घरटं, सीटचा फोम कुरतडून आणलेला, त्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि माझ्या स्वतःच्या हरवलेल्या हातमोज्याचं बोट. तशीच चालू केली असती तर तो सगळा संसार कार्ब्युरेटरमधून इंजिनात गेला असता.

डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचं तेल, ड्रायरचे सुगंधी कागद, सगळं करून झालंय, उंदरांना त्याचं काही वाटत नाही. उपयोग होतो तो पिंजऱ्याचा आणि भोकं बुजवण्याचा. एक्झॉस्टच्या तोंडाला आणि एअर इनटेकला तारेची जाळी लावा. आणि हे महत्त्वाचं, हँडलला लाल चिंधी बांधा आणि त्यावर लिहून ठेवा की जाळी आहे. मी एक वर्ष एक्झॉस्टमधली काढायला विसरलो, इंजिन चालू होऊन बंद, चालू होऊन बंद, प्लग बदलले, पेट्रोल बदललं, दोन तास गेले, शेवटी आठ वर्षांच्या मुलीने विचारलं की बाबा मागे हे काय कोंबलंय.

दसऱ्याला नक्की काय काय बघायचं?

आम्ही खंडेनवमीला पाने (स्पॅनर), स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क रेंच सगळं पाटावर मांडतो आणि दसऱ्याला स्लेडला हार घालतो. झेंडू इथे तोवर पहिल्या हिमाने काळा पडलेला असतो म्हणून आधीच फुलं तोडून फ्रिजमध्ये ठेवायला लागतात. हार घालायच्या आधी हूड उघडलेलं असतंच, तेव्हाच बघून घ्यायचं.

चेनकेसचं तेल बदला, दर वर्षी. खालच्या बोल्टला मॅग्नेट असतं (काहींना तेल मोजायच्या पट्टीला), त्याच्यावर करडं पिठासारखं काही लागलं असेल तर ठीक, पुसून टाका, पण चमकणारे तुकडे मिळाले तर चेन किंवा गिअर खाल्ला गेलाय, उघडून बघायलाच हवं. चेनचा ताण तेव्हाच तपासा. टू-स्ट्रोकला पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या तोंडाशी उघडझाप करणारी झडप) असतील तर ते काढून साफ करा, त्यावर तेलाची काळी चिकट खीर बसते आणि व्हॉल्व्ह अडकला की स्लेड वरच्या वेगाला मरगळल्यासारखी चालते. नवीन प्लग घाला, फॉगिंगनंतर पहिल्या स्टार्टला जुने ओले होतात तर जुन्यांवरच चालू करा, धूर संपला की नवीन लावा. कुलंटची पातळी, होजच्या क्लॅम्पा, ब्रेकचे पॅड. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदला. हेडलाइट, हँडलचे हीटर, किल स्विच, आणि अंगाला अडकवायची दोरी असते ना, पडलात तर इंजिन बंद करणारी, ती खेचून खरंच बंद होतं का बघा. थ्रॉटल दाबून सोडला की टचकन परत येतो का? येत नसेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ते करा.

सुट्या पार्टसाठी लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) पुढच्या वीकेंडला नॉर्थ ब्रँच गावात 'हे डेज' नावाची स्नोमोबिलची जत्रा भरते, गवतावर रेस असतात आणि जुन्या पार्टचा प्रचंड बाजार. जुना बाजार आवडणाऱ्या माणसाने तिथे पाकीट बायकोकडे देऊन जावं.

बेल्ट सारखा तुटतो. दोष बेल्टचा की माझा?

बहुतेक वेळा बेल्ट बिचारा निर्दोष असतो. नवीन बेल्ट थेट फुल थ्रॉटलवर चालवला, गोठलेला ट्रॅक तसाच ओढला, क्लचच्या थाळ्यांवर तेलकट हात लागले, किंवा दोन क्लच एका रेषेत नाहीत. नवीन बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून लावा आणि पहिले पन्नास-साठ किलोमीटर समंजसपणे चालवा, वेग कमीजास्त करत. थाळ्या ग्रीनपॅडने घासा (भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखाच असतो), मग स्वच्छ कापडाने पुसा. क्लचला वंगण लावायचं नाही, कुठेच नाही, मित्र सांगतो म्हणून सुद्धा नाही.

बेल्टवर बाण किंवा अक्षरं असतात, एकदा ज्या दिशेने चालवला त्याच दिशेने परत लावा. बेल्टची रुंदी मोजा, मॅन्युअलमधल्या मापाखाली गेला की बदला, धागे सुटेपर्यंत वाट बघू नका. आणि तुटलाच तर नवीन चढवायच्या आधी जुन्याचे धागे क्लचच्या मागून, शाफ्टभोवतून एकूण एक काढा, ते सीलमध्ये घुसतात. माझा पहिला बेल्ट गाडीपासून वीसेक मैलांवर गेला, बाहेर उणे २२ सेल्सिअस, जवळ स्पेअर होता पण तो कधी लावून बघितलेला नव्हता. हातमोजे काढून चाळीस मिनिटं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये गॅरेजमध्ये एकदा तरी बेल्ट काढून लावायचा सराव करा, खरंच.

ट्रॅकचा ताण किती हवा?

मधोमध साधारण साडेचार किलोचं वजन लटकवून ट्रॅक आणि स्लायडर (ट्रॅक आतून ज्यावर घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) यांच्यातलं अंतर मोजतात, किती हवं ते मॉडेलप्रमाणे. सैल असेल तर जोरात निघताना किंवा ब्रेकला खालून धाडधाड आवाज येतो, ड्राइव्हचे दात घसरत असतात. जास्त घट्ट असेल तर आवाज काही येत नाही पण स्लायडर आणि बेअरिंग झिजतात, ताकद पण वाया जाते. ताण बदलला की रेषा बघायची, मागची बाजू उचलून हळू फिरवा आणि दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का बघा. ट्रॅक ज्या बाजूला सरकतो त्या बाजूचा बोल्ट थोडा आवळा, पाव-पाव फेरा. ट्रॅक फिरत असताना मागे कोणी उभं राहायचं नाही, कुत्रा पण नाही. खिळे लावलेला ट्रॅक असेल आणि एखादा निसटला तर गोळीसारखा येतो.

स्लायडर वितळला म्हणजे काय झालं?

ट्रॅक आतून ज्या दोन रुळांवर घसरतो त्याच्या खाली प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, इथे हायफॅक्स म्हणतात. त्यांचं वंगण म्हणजे बर्फ. नुसत्या कडक आइसवर किंवा डांबरावर पळवलं की भुसभुशीत बर्फ उडत नाही, पट्ट्या तापतात आणि ट्रॅकच्या क्लिपांना चिकटतात. जळक्या प्लास्टिकचा वास आला की समजा. लिक्विड कूल इंजिनाचं पण तसंच, त्याचा रेडिएटर टनेलखाली असतो आणि ट्रॅकने उडवलेल्या बर्फानेच थंड होतो, म्हणून गोठलेल्या तळ्यावर टेंपरेचरचा दिवा लागतो आणि लोक म्हणतात बाहेर उणे पंधरा आणि इंजिन तापलंय, काय चेष्टा आहे! बाजूच्या मऊ बर्फात दोन मिनिटं जा, उतरतं. आइस स्क्रॅचर लावून घ्या, त्या तारा आइस खरवडून चुरा उडवतात, स्वस्त आणि कामाच्या.

पट्टीवर झीज दाखवणारी रेघ असते बऱ्याचदा, तिथवर आली की बदला. पुढचा स्क्रू काढून मागे ओढायची, नवीन घालताना भांड्याचं लिक्विड लावा, सुर्रकन जाते. स्कीखालचे कार्बाइड (वळताना बर्फात रुतणाऱ्या कडक धातूच्या पट्ट्या) पण तेव्हाच बघा, अर्धे झिजले असतील तर वळताना स्लेड तुमचं ऐकणार नाही.

कडाक्याच्या थंडीत सकाळी चालू करताना काय काळजी घ्यायची?

आमच्याकडे १९९६ च्या २ फेब्रुवारीला टॉवर गावात उणे ५१ सेल्सिअसपर्यंत पारा गेला होता. एवढ्या थंडीत घरी बसा. पण उणे वीस-पंचवीस नेहमीचं आहे, तेव्हा आधी मागची बाजू उचलून आपटा म्हणजे ट्रॅक जमिनीपासून सुटतो, स्की डावी-उजवीकडे हलवून सोडवा. रात्री लाकडाच्या फळ्यांवर उभी केली तर हे निम्मं वाचतं. चालू करून इंजिन तापू द्या. ही घाई फार महाग पडते, कारण पिस्टन पटकन तापून फुगतो आणि सिलेंडर अजून गारच असतो, मग पिस्टन चारी बाजूंनी घासून अडकतो. त्याला कोल्ड सीझर म्हणतात आणि त्याचं बिल बघून तुम्हालाही एक सीझर, म्हणजे फिट, येतो. कुलंट कोमट होईपर्यंत थांबा, मग पहिले दोन-तीन मैल हळू.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी आणखी एक, हवा जितकी गार तितकी दाट, म्हणजे पेट्रोल जास्त लागतं. उणे पाचला लावलेलं मेन जेट उणे तीसला लहान पडतं, इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. तक्ता हूडच्या आत चिकटवलेला असतो, वाचा.

कोणतं टू-स्ट्रोक ऑइल? बोटीचं चालेल का?

नको. बोटीचं ऑइल पाण्याने गार होणाऱ्या आउटबोर्डसाठी बनवतात. कंपनीने सांगितलेलं घ्या, दर वेळी पेट्रोल भरताना ऑइलची टाकी पण बघा. पैसे वाचवायचे तर कव्हरमध्ये वाचवा.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात बर्फच नव्हता, तेव्हापासून चालवलेली नाही. आता?

ते वर्ष आम्ही सगळ्यांनीच खिडकीत बसून काढलं, कित्येक ट्रेल उघडलेच नाहीत. तेव्हाचं पेट्रोल अजून टाकीत असेल तर स्टॅबिलायझर घातला असला तरी काढा, नवीन भरा. वास घ्या, वॉर्निशसारखा आला तर कार्ब्युरेटर उघडून साफ करायला लागेल. रबराच्या इंधन नळ्या वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला. उंदरांसाठी एअरबॉक्स उघडा. यामाहावाल्यांनी घाबरू नका, कंपनीने स्नोमोबिलचा धंदा बंद करायचं २०२३ मध्ये जाहीर केलं म्हणून आहे ती स्लेड भंगार होत नाही, पण बेल्ट, फिल्टर असं नेहमी लागणारं थोडं घेऊन ठेवा.

गुलमर्गला बसलो होतो तेव्हा ती फार खडखडत होती. असंच असतं का?

तिथल्या दिवसभर भाड्याने पळतात हो, बर्फ कमी असला तरी, आणि शिवाय २,६०० मीटरवर हवा विरळ, त्यामुळे ताकद कमी आणि जेटिंग वेगळं. घरची एवढी खडखडत असेल तर मागची चाकं हाताने फिरवून बघा, बेअरिंग गेलं असेल तर कुरकुर हाताला लागते.

डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जातोय, स्लेडचं काय करू?

लग्नाचा सीझन आणि स्लेडचा सीझन एकाच वेळी येतो, हे आपलं दुःख इथल्या लोकांना कळत नाही. तीन आठवड्यांसाठी फॉगिंग वगैरे नको. टाकी भरा, स्टॅबिलायझर घाला, पाच मिनिटं चालवा, ट्रॅकमधला बर्फ झटकून फळ्यांवर उभी करा, बॅटरी टेंडरवर. एक्झॉस्टला जाळी लावणार असाल तर लाल चिंधी विसरू नका, आणि किल्ली शेजाऱ्याकडे देऊ नका, माझा शेजारी फार प्रेमळ आहे पण परत आलो तेव्हा ओडोमीटरवर एकशे दहा मैल जास्त होते.